गळतीला हरकत नाही

माणसाने व्यायाम धरला, तंबाखू सोडली किंवा उतारवयात लग्न करायचं ठरवलं, तर लोक "का?" म्हणून विचारतात. कथा लिहायची ठरवली, तर "कशाला?" म्हणून विचारतात. फरक बारीक आहे, पण मला पगार बारीक फरकांचाच मिळतो. मी विमा कंपनीत दावे तपासतो. दुकान जळलं की मालकाने जाळलं, चोरी झाली की करवून घेतली, हे पाहून कागदावर उतरवायचं आणि बहुतेक वेळा शेवटी "सबब दावा नामंजूर" असं लिहायचं. लोक माझ्या टेबलासमोर बसून इतक्या कथा सांगतात, की एक दिवस वाटलं, आपणही एक सांगावी. निदान आपली खोटी आहे हे आपण पहिल्याच ओळीत कबूल करू.

"कशाला?" असं सर्वप्रथम विचारणारी माझी बायको. "स्वयंपाकघराचं छत गळतंय, ते बघा आधी."

छताचं असं होतं. आमच्या डोक्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. निवृत्त झाल्यावर हाताला काही काम हवं म्हणून त्यांनी आपलं बाथरूम वाढवलं, आणि ते वाढत वाढत आमच्या स्वयंपाकघराच्या वर येऊन बसलं. तेव्हापासून आमच्या छतावर एक ओला डाग आहे, आणि त्याच्या बरोबर खाली, ओट्यावर, एक पातेलं कायमचं नेमलेलं आहे. मी वर जाऊन अदबीने विषय काढला, तेव्हा हेडमास्तरांनी मला आधी सरळ बसायला सांगितलं.

"पाणी वरून येत नाही," ते म्हणाले. "भिंतीतून येतं."

"आणि भिंतीत कुठून येतं, सर?"

"पायातून. ओल नेहमी पायातून चढते. शाळेत शिकला नाहीत?"

म्हणजे आमच्या पातेल्यात पडणारं पाणी जमिनीतून निघत होतं, मजल्यामागून मजले चढून आमच्या छतापर्यंत जात होतं आणि तिथे दमून खाली पडत होतं. मी शाळेत जे शिकलो नव्हतो ते हे असावं. मी आभार मानून खाली आलो.

तर छत बाजूला ठेवून मी कथेच्या मागे लागलो. वाचनालयाच्या फलकावर एक चिठ्ठी होती: "कथालेखनाची शिकवणी. हळव्यांनी येऊ नये." ही चिठ्ठी लावणाऱ्या बाईंनी आयुष्यभर एका मासिकाकडे आलेल्या कथा परत पाठवण्याचं काम केलं होतं. मी दावे परत पाठवतो, त्या कथा परत पाठवायच्या. म्हटलं, एका धंद्यातली माणसं आहोत, जमून जाईल.

बाईंच्या शिकवणीत टेबल-खुर्ची नव्हती. म्हणजे टेबल होतं, पण ते इस्त्रीचं. त्या उभ्याने घरादाराचे कपडे इस्त्री करायच्या आणि शिष्याने स्टुलावर बसून मोठ्याने वाचायचं. पहिल्या दिवशी मी घसा साफ करून सुरुवात केली: "संध्याकाळ उदासीची झालर लेऊन क्षितिजाच्या उंबरठ्यावर थबकली होती."

"कुणाची वाट बघत?" बाईंनी विचारलं.

"कोण?"

"संध्याकाळ."

मी पुढे वाचत गेलो. इस्त्री एका लयीत चालू होती. नायिकेचे डोळे डबडबले तेव्हा एक शर्ट झाला, नायकाच्या काळजात कळ आली तेव्हा दुसरा. कथा संपली तेव्हा घड्यांची चळत माझ्या खांद्याला लागली होती. बाईंनी प्लग काढला आणि म्हणाल्या, "तुमच्या कथेचा एक उपयोग आहे. हात भराभर चालतो."

माणसाचा मान कुठे दुखावतो याचे नकाशे कोणी काढलेले नाहीत, पण माझा त्या दिवशी त्या स्टुलावर दुखावला एवढं नक्की. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हणालो, "वेग चांगला आहे म्हणाल्या."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आणखी एक संध्याकाळ घेऊन गेलो. बाईंनी हातानेच थांबवलं. "ऑफिसात काय लिहिता, ते आहे का पिशवीत?"

"रिपोर्ट आहे एक. पण ते लिखाण नाही हो, बाई."

"वाचा."

एका कापडदुकानात पाणी शिरलं होतं, त्याचा तो रिपोर्ट. मी नाइलाजाने वाचायला लागलो: "पाणी आले त्या दिवशी नवा माल वरच्या फळीवर व जुना माल खालच्या फळीवर होता. आदल्या आठवड्यापर्यंत हे उलटे होते, असे शेजारचा दुकानदार सांगतो. पाणी येणार हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे मालकाचे म्हणणे आहे. मालकाची स्वतःची खुर्चीही वरच्या फळीवर आढळली."

खोलीत काहीतरी जळल्याचा वास आला. मी वर पाहिलं. इस्त्री उशीच्या अभ्र्यावर थांबली होती आणि बाई माझ्याकडे बघत होत्या.

"खुर्ची फळीवर कशी चढवली असेल त्याने?" त्या म्हणाल्या.

"बाई, अभ्रा!"

"अभ्रा जाऊ दे. खुर्चीचं सांगा."

मी सांगितलं. त्या हसल्या. मग त्यांनी जळका अभ्रा उचलून माझ्यापुढे धरला. "हे तुम्ही लिहिलंत म्हणून झालं. रिपोर्टमध्ये तुम्ही 'भीषण' लिहीत नाही, 'हृदयद्रावक' लिहीत नाही. काय दिसलं ते लिहिता, आणि माणूस काय म्हणाला ते त्याच्या शेजारी ठेवून देता. बाकीचं वाचणारा करतो. कथेला बसलात की हे सगळं घरी ठेवून पाहुण्यासारखे कपडे का घालता?"

मी म्हणालो, "कथा म्हणजे जरा बरं काहीतरी..."

"बरं काहीतरी नको. एखादं भांडण आणा. तुमच्या घरातलं."

घरातलं भांडण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. मान वर केली की दिसत होतं. मी हेडमास्तरांच्या गळतीचा रिपोर्ट लिहायला घेतला आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा पेन माझ्या पुढे चालायला लागलं. डागाचा आकार, पातेल्याचा आवाज, पायातून चढणारं आणि दमून पडणारं पाणी. बाईंकडे वाचला तेव्हा इस्त्री सुरू व्हायचं नाव घेईना. मात्र शेवटी त्या म्हणाल्या, "वरचा माणूस झकास. खालचा फार शहाणा आहे. तो काय लपवतोय?"

"काही नाही."

"दावेदार असंच म्हणतो ना?"

मी दोन दिवस रागावलो आणि मग खालच्या माणसाला तपासायला घेतलं. तेव्हा सापडलं, की तो आलेल्या पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी डाग दाखवायला नेतो. डाग वाळायला लागला की हा जरा बेचैन होतो. सगळ्या बिल्डिंगीत ज्याच्यावर खराखुरा अन्याय झालेला आहे असा तो एकटाच गृहस्थ, आणि ते पद सहजासहजी कोण सोडतो? हे लिहिताना कान तापले, पण कथा दोन्ही पायांवर उभी राहिली. बाई म्हणाल्या, "वाचनालयात कथावाचन आहे. नाव द्या."

इथवर सगळं ठीक होतं. माणसाने लिहावं, वाचावं आणि झोपावं. पण मी नाव द्यायला गेलो.

वाचनालयाच्या कारकुनाने एक अर्ज पुढे सरकवला. "कथेत पात्रं किती?"

"दोन. आणि एक बायको."

"बायको पात्रांत धरायची की वेगळी?"

"घरी विचारून सांगतो."

"आणि इथे दोन प्रतिष्ठित रहिवाशांच्या सह्या लागतील. कथा वाचली, कोणाची बदनामी नाही, हरकत नाही, अशा."

"कथेला 'हरकत नाही'चा दाखला?"

"मागच्या खेपेला एकाने सासऱ्यांवर कथा वाचली," कारकून आवाज खाली आणून म्हणाला. "सासरे पहिल्या रांगेत होते. त्या रांगेच्या खुर्च्या अजून सुताराकडे आहेत. आणि दोनांतली एक सही आमच्या सल्लागार मंडळातल्या माणसाची पाहिजे. तुम्ही कुठे राहता?"

मी पत्ता सांगितला. त्याचा चेहरा उजळला. "अरे वा, मग लांब कशाला जाता? तुमच्याच बिल्डिंगीत आमचे हेडमास्तर आहेत की."

आता माझी अवस्था बघा. चोराने चोरीची फिर्याद लिहून द्यावी आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याचीच साक्षीला सही मागावी, तसलं काहीतरी. फक्त इथे चोर कोण आणि घर कोणाचं, हेही नक्की नव्हतं.

पहिली सही सोपी होती. समोरच्या दारात दंतवैद्यीणबाई राहतात. त्यांनी माझी कथा दवाखान्यात दोन रुग्णांच्या मधल्या वेळात वाचली. "छान आहे हो. पण एकदम आत हात घालता तुम्ही. आधी बधिर करायचं असतं. सुरुवातीला थोडं वारं, थोडी फुलं, मग हळूच उपटायचं. माणूस ओरडत नाही." सल्ला मोफत होता आणि सहीही. त्यांचा पुढचा रुग्ण गाल धरून "मीही वाचू का?" म्हणाला, आणि त्याने शेवटात एक लग्न घालायला सुचवलं.

दुसऱ्या सहीच्या चिंतेत मी घरी आलो, तर बायको दारातच उभी. चेहऱ्यावर असा आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"सर कबूल झाले! जिन्यात गाठलं मी त्यांना. म्हटलं, सर, तुम्हीच नाही बघितलं तर आम्ही जायचं कुणाकडे? म्हणाले, सोमवारी प्लंबर बोलावतो. नुसता बघायला. पण बोलावतो म्हणाले!"

कथावाचन रविवारी होतं.

मी शहाण्या, संसारी माणसाने जे करावं तेच केलं. नवी कथा लिहिली. तीत वरच्या मजल्यावर एक सज्जन वृद्ध राहतात. ते रोज प्रेमाने झाडांना पाणी घालतात, आणि त्यातला एक चुकार थेंब खालच्या गृहस्थाच्या रखरखीत आयुष्यात पडतो. खालचा गृहस्थ मान वर करून कृतज्ञतेने बघतो. मीही मान वर करूनच लिहीत होतो. पातेलं भरत आलं होतं.

हेडमास्तरांनी ती लाल पेन हातात घेऊन वाचली. एक प्रत स्वतःकडे ठेवली आणि दुसरीवर लिहून दिलं: "हरकत नाही. थेंब आवडला. दहापैकी सहा. अक्षर सुधारावे." खाली सही. माझे दोन्ही दाखले झाले, अर्ज मंजूर झाला, प्लंबरही शाबूत राहिला. आणि तरी जिना उतरताना मला कोणीतरी वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटत होतं.

बाईंसमोर ती कथा वाचली. शर्ट झाले, चादरी झाल्या, टॉवेल झाले. थेंब पडला तोवर बाईंनी फडक्यांना हात घातला होता, आणि कृतज्ञतेपाशी त्या पायपुसणं इस्त्री करत होत्या.

"मंजूर केलात म्हणायचा दावा," त्या म्हणाल्या.

मी कागदांची घडी घातली.

"ऑफिसात समोरचा रडला, तर करता मंजूर?"

"नाही."

"ओळखीचा निघाला तर?"

"नाही, बाई."

"मग इथेच का भ्यालात?"

"तिथे डोक्यावरचं छत कंपनीचं असतं, बाई."

यावर त्या खळखळून हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "कुठली वाचायची ते मी सांगणार नाही. मी सांगितली तर ती माझी होईल. तुम्हाला आता लिहिता येतं. पहिलीही तुम्हीच लिहिलीत आणि हीसुद्धा. कुठली खरी ते तुम्हाला कळत नसेल, तर मी शिकवलेलं सगळं परत करा."

रविवारी सकाळी मी दोन्ही कथा बायकोपुढे ओट्यावर ठेवल्या. छत तिच्या डोक्यावर गळतं. निर्णयात तिचा वाटा निम्म्याहून जास्त. तिने उभ्याउभ्या दोन्ही वाचल्या. खालच्या माणसाच्या पाहुण्यांना डाग दाखवण्यापाशी ती माझ्याकडे बघून इतकी हसली, की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"पहिली वाचा," ती म्हणाली.

"अगं, पण प्लंबर?"

"दुसरी वाचलीत, तर मला तिथे चारचौघांत बसून ऐकून घ्यावं लागेल, की पातेल्यात पडतं ते प्रेम आहे. ते प्रेम मी रोज मोरीत ओतते. पहिली वाचा तुम्ही."

वाचनालयाचा हॉल भरला होता. हेडमास्तर पहिल्या रांगेत, सुताराकडून परत आलेल्या खुर्चीवर, मांडीवर माझ्या कथेची प्रत उघडून, पहिल्या ओळीवर बोट ठेवून तयार. मुलगा धडा बरोबर वाचतो की नाही हे बघायची त्यांची जुनी सवय. दंतवैद्यीणबाई त्यांच्या मागे. आमच्या बाई शेवटच्या रांगेत, हातात काहीही नाही.

मी उभा राहिलो. कित्येक वर्षं मी लोकांच्या तोंडावर "नामंजूर" म्हणत आलो होतो. आवाज खाली न पाडता वाक्य पुरं करण्याची सवय अंगात होती. ती सवय इथेही चालते, हे फक्त कोणी सांगितलं नव्हतं.

"आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर एक डाग आहे," मी वाचलं.

हेडमास्तरांचं बोट हललं, पुढे गेलं, मागे आलं. त्यांनी पान उलटलं. तिथेही डाग नव्हता. कोपऱ्यातून कारकून माझा अर्ज दोन्ही हातांनी उंचावून दाखवायला लागला. मी थांबलो नाही. पाणी पायातून निघालं, मजले चढलं, आणि "तिथे" म्हणून मी श्वासभर थांबलो. बाईंनी शिकवलेली तेवढी एकच युक्ती. मग "दमून खाली पडलं" म्हणालो. हॉलमध्ये हशा फुटला. एक गृहस्थ हसता हसता शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडले. पुढे खालचा माणूस पाहुण्यांना डाग दाखवायला घेऊन गेला, तेव्हा आमच्या घरी येऊन गेलेले सगळे पाहुणे त्याच हॉलमध्ये आहेत हे मला त्यांच्या हसण्यावरून कळलं. ते हसू आधीच्यापेक्षा मोठं होतं. फक्त पहिल्या रांगेत एक माणूस हसत नव्हता. त्याचं बोट अजून पहिल्या ओळीवर होतं.

टाळ्या थांबल्यावर हेडमास्तर माझ्यापाशी आले. "सही केली ती कथा ही नव्हे."

"नाही, सर."

"सहा गुण त्या कथेला होते." आणि या कथेला किती, ते न सांगता निघून गेले.

बाई म्हणाल्या, "शेवट चार ओळी लांबला." एवढंच. पण बाहेर पडताना त्यांनी कारकुनाला सांगितलेलं मी ऐकलं: "हो, माझाच विद्यार्थी." मी तो संबंध रस्ता फुटपाथच्या मधोमध चाललो.

सोमवारी प्लंबर आला नाही. बायकोने फक्त पातेलं काढून बादली ठेवली, आणि बादलीत आवाज जास्त घुमतो. दंतवैद्यीणबाई जिन्यात भेटल्या. "म्हटलं होतं, बधिर करा." मंगळवारी हेडमास्तर जिन्यात दिसले आणि मला बघून परत वर गेले. मी बायकोला म्हणालो, "पहिली वाचली ती चूक झाली का गं?" ती म्हणाली, "बादली भरली की विचारा. आता चांगली वाटतेय." पुढे कितीतरी दिवस वरून फक्त पाणी येत राहिलं.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात हेडमास्तर, काखेत कागदांची जुडी. "बसू का?" त्यांनी विचारलं. या माणसाने आजवर इतरांना बसवलं होतं, स्वतः कधी परवानगी मागितली नव्हती.

"मीही लिहिलंय," ते म्हणाले. "दुसरी बाजू. ऐकावं लागेल."

आम्ही स्वयंपाकघरातच बसलो, कारण बायको भाजी चिरत होती आणि तिलाही ऐकायचं होतं. हेडमास्तर उभे राहून वाचायला लागले. "सत्याचा सूर्य जेव्हा असत्याच्या मेघांनी झाकोळला जातो..." मेघ बराच वेळ राहिले. मग न्यायदेवता आली, ती गेली, इतिहास आला. हेडमास्तरांचा आवाज चढला की बादलीत थेंब पडायचा, ते ओळ हरवायचे, पुन्हा शोधायचे. मी स्टुलावर हात बांधून ऐकत होतो. आणि मग, इतिहासाच्या मागोमाग, एक वाक्य आलं: "या बाथरूमच्या फरशीखाली मी जो पाणी अडवणारा मसाला वापरला, तोच मी आग्रह करून सर्व बिल्डिंगला वापरायला लावला."

"थांबा, सर," मी म्हणालो. "हे पुन्हा वाचा."

त्यांनी वाचलं. या खेपेला आवाज चढला नाही.

"पुढे?"

"पुढे परत सूर्य आहे."

"सूर्य राहू दे. हे वाक्य लिहिल्यावर तुम्हाला काय आठवलं?"

त्यांनी कागद खाली घेतला. मग खुर्चीवर बसले, अजिबात सरळ नाही. "घरोघरी जाऊन सांगितलं हो मी. म्हटलं, जन्मात गळणार नाही. माझ्या शब्दावर सगळ्यांनी फरश्या बसवल्या. आता मी माझी फरशी उखडली, तर प्रत्येक जण आपापल्या फरशीकडे बघणार, आणि मग माझ्याकडे. शाळेत असतो, तर एका वर्गासमोर कान धरले असते. इथे तर..." त्यांनी वर हात केला, म्हणजे सगळ्या मजल्यांकडे.

बायकोने विळी बाजूला सारली आणि त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"सर, ही तुमची कथा," मी म्हणालो. "जे आत्ता बोललात तेच. एवढंच लिहा. मेघ काढा, न्यायदेवतेला घरी पाठवा. माझी गोष्ट या गोष्टीपुढे पाणी भरेल."

"खरंच?"

"मी दावे तपासतो, सर. खरा दावा मला लांबून कळतो."

त्यांनी लाल पेन काढलं आणि पानंच्या पानं स्वतःच्या हाताने खोडत गेले. मुलांच्या वह्यांवर चालवलं असेल तसं सराईत, पण प्रत्येक रेघेला जरा जीव टाकत. शेवटी ते वाक्य उरलं आणि खाली कोरी जागा.

"आता पुढे काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"पुढे काय होतं, सर?"

हेडमास्तरांनी डागाकडे पाहिलं. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं. मग लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: "पुढे प्लंबर येतो."

"कधी?" बायकोने विचारलं.

"उद्या सकाळी."

"मग तसं घाला ना, सर. वाचणाऱ्याला कळायला नको?"

त्यांनी 'उद्या सकाळी' घातलं, कागद हातभर लांब धरला, मान तिरपी करून पाहिला, आणि सगळ्या नव्या लेखकांना पडतो तो प्रश्न आम्हाला विचारला, "बरं झालंय का?"

बायको बादली उचलत म्हणाली, "उद्या सांगते."